सेल्फ-पेस्ड म्हणजे पर्सनलाइज्ड नव्हे

डीएड-बीएडवाल्यांच्या ग्रुपवर हल्ली कुठल्याही ऑनलाइन ट्रेनिंगला सरसकट 'पर्सनलाइज्ड' म्हणतात. का, तर रात्री जेवणं उरकून व्हिडिओ बघता येतो, मध्येच थांबवता येतो, रविवारी पुढचा भाग पूर्ण करता येतो. पण हे झालं सेल्फ-पेस्ड. वेळ तुमची, वेग तुमचा, अभ्यास मात्र सगळ्यांना तोच.

निष्ठा या केंद्र सरकारच्या शिक्षक प्रशिक्षणाचंच घ्या ना. २०१९ ला सुरू झालं, ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोचायचं टार्गेट होतं, आधी समोरासमोर आणि मग कोरोनात २०२० च्या ऑक्टोबरपासून दीक्षा या सरकारी शिक्षण पोर्टलवर ऑनलाइन. शाळा बंद असताना एवढ्या लोकांपर्यंत पोचणं ही मोठीच गोष्ट आहे, मी ते कमी लेखत नाहीये. पण वीस वर्षं पहिलीला शिकवणाऱ्या बाई आणि मागच्या जूनमध्ये नोकरीला लागलेला मुलगा, दोघांना मॉड्यूल तेच. बाईंना मुलं वाचायला कशी लागतात हे तोंडपाठ आहे, त्या अडतात क्यूआर कोड आणि लॉगिनपाशी, मुलाचं बरोबर उलटं. दोघं आपापल्या वेगाने एकाच रस्त्याने जातात एवढंच.

खरं तर हा फरक आपण बीएडला शिकलोय! क्रमान्वित अध्ययन (प्रोग्राम्ड लर्निंग, म्हणजे छोट्या टप्प्यांत स्वतःच शिकायची पद्धत) आठवतंय का? मानसशास्त्रज्ञ स्किनरचा रेखीय प्रकार, म्हणजे छोट्या छोट्या चौकटी, प्रत्येक चौकटीत प्रश्न, लगेच उत्तर पडताळायचं, वेग ज्याचा त्याचा पण चौकटी आणि त्यांचा क्रम सगळ्यांना सारखाच. आणि क्राउडरचा शाखीय प्रकार, त्यात चुकीचा पर्याय निवडला की *तीच* चूक समजावणाऱ्या पानावर पाठवतात आणि तिथून परत मूळ वाटेवर आणतात. दोन्ही १९५० च्या दशकातले. पहिला सेल्फ-पेस्ड, आणि पर्सनलाइज्डची सुरुवात दुसऱ्यापासून होते, कारण तिथे तुमच्या उत्तरावर तुमची पुढची वाट ठरते.

सुरुवात म्हटलं कारण शिक्षकाच्या बाबतीत क्विझ पुरत नाही. प्रबलनाची (शाबासकी देऊन चांगली गोष्ट पक्की करण्याची) व्याख्या बरोबर टिक करणारा वर्गात एकदाही "छान" म्हणत नाही असं होतंच ना.

माझंच सांगते. बीएडला सूक्ष्म पाठ (एकेका अध्यापन कौशल्याच्या सरावाचे छोटे पाठ) घेताना सगळ्यांना तीच पाच कौशल्यं, त्याच क्रमाने, ३६ मिनिटांचं चक्र, सहा मिनिटं पाठ, सहा प्रत्याभरण (फीडबॅक), बारा पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा आणि सहा. माझं फलक लेखन आधीपासून चांगलं होतं तरी त्याचे पाठ घेतले, आणि प्रश्न कौशल्याच्या निरीक्षण तक्त्यात मैत्रिणी "छान" लिहून मोकळ्या. पुढे एका सराव पाठाचं मोबाईलवर शूटिंग झालं ते घरी बघितलं तेव्हा कळलं की मी प्रश्न विचारते आणि मुलांनी हात वर करायच्या आत उत्तर स्वतःच देऊन टाकते, सलग सात वेळा! आमच्या मेथडच्या (विषय कसा शिकवायचा ते शिकवणाऱ्या) मॅडमनी त्यातली तीनच मिनिटं बघितली आणि म्हणाल्या, बाकीचं सोड, पुढचे तीन पाठ फक्त प्रश्न विचार आणि थांब.

माझ्या मते हे पर्सनलाइज्ड. टेक्नॉलॉजी काय होती, तर एक साधा फोन. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मायक्रोटीचिंग, म्हणजे हेच सूक्ष्म पाठ, सुरू झालं तेव्हाही व्हिडिओ रेकॉर्डर वापरायचे तो याचसाठी, आपल्याकडे चक्र आलं आणि बहुतेक ठिकाणी कॅमेरा मागेच राहिला. आता तो प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि बीएडच्या ५० जणांच्या तुकडीत प्रत्येकाच्या पाठाला मागच्या बाकावर पूर्ण वेळ बसणं प्राध्यापकांना जमत नाही तिथे हीच तीन-तीन मिनिटं कामाला येतात.

त्यामुळे कुठल्याही कोर्सला एकच विचारायचं: मी आज वेगळं उत्तर दिलं किंवा वेगळा पाठ घेतला, तर उद्या मला वेगळं काही मिळणार का? नसेल मिळणार तर तो सेल्फ-पेस्ड. वाईट नाही तो, नवीन मूल्यमापन पद्धत किंवा पोक्सोचे (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे) नियम सगळ्यांना सारखेच कळायला हवेत, तिथे तोच योग्य. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय, त्यातले चाळीस तास खुशाल व्हिडिओ आणि क्विझचे ठेवा, उरलेले दहा तरी त्या शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गाचं रेकॉर्डिंग बघून, त्याच्याशी बोलून ठरवा.