नांगर गेला, पोळपाट राहिला: बेळगाव सीमाभागातल्या घरगुती सुतारकामाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या घरांत शिसवी पोळपाट, फणसाच्या लाकडाचा देव्हारा, पितळी कड्यांचा झोपाळा, आजीच्या आंदणातली पेटी या वस्तू अजून वापरात आहेत. तशाच वस्तू परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघे-तिघे मिळून घडवतात, तेव्हा त्याला ‘हँडमेड’ म्हणतात आणि नवा लघुउद्योग म्हणून त्याचे कौतुक होते. कौतुक व्हावेच. पण हा या भागातल्या सुताराचा मुख्य धंदा कधीच नव्हता. हे त्याचे फावल्या वेळेतले काम. मुख्य काम हातचे गेले, म्हणून तो याच्यावर आला.

गावगाड्यात सुतार होता तो शेतीसाठी. नांगर, कुळव, कुरी, बैलगाडीची चाके आणि जू करायचे, मोडले की दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घ्यायचा. जिथे मराठी सुतार नव्हता तिथे कानडी बडिगेर होता. अवजारे तीच आणि बलुत्याची रीतही जवळपास तीच. पेरणीच्या तोंडावर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. सुगी आटोपल्यावर लग्नसराई येई, तेव्हा पाट, चौरंग, पाळणा, काटवट, रवी, शेवयांचा पाट अशी कामे निघत. लाकूड बहुधा घरमालक देई आणि मजुरी वेगळी ठरे. त्यामुळे या वस्तूंना बाजारभाव असा नव्हता, आणि टिकाऊपणाला मात्र फार महत्त्व होते. करणारा आणि वापरणारी एकाच गावात राहत. पाय डुगडुगला की बोलणी चौकात ऐकावी लागत.

लाकडाच्या बाबतीत हा मुलूख नशीबवान. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचे रान: साग, शिसवी, मत्ती, नाणा, किंजळ, जांभूळ, आणि घरोघरच्या परसात फणस. उत्तरेला चिकोडी-अथणीच्या बाजूला बाभूळ आणि कडुनिंब. कुठल्या कामाला कुठले लाकूड, हे पक्के ठरलेले होते. गाडीला आणि अवजारांना बाभूळ, कारण ती चिवट. देव्हाऱ्याला फणस किंवा शिवण. पोळपाट-लाटण्याला शिसवी, कारण ती जड, घट्ट दाण्याची आणि पीठ धरत नाही. दारे-खिडक्यांना आणि पेटाऱ्यांना परवडेल त्याला साग.

इथली हवा मात्र सुताराची परीक्षा पाहते. जांबोटी-कणकुंबीकडे चार महिने पाऊस खळत नाही, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडे पावसाची वाट पाहावी लागते. ओल्या हवेत लाकूड आडवे फुगते, कोरड्या हवेत आकसते. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. म्हणून जुन्या कपाटाच्या दारात सलग फळी नसते. चौकटीला खाच पाडून तिच्यात दिल्हा, म्हणजे मधली फळी, बसवलेला असतो आणि त्याला सरस लावलेला नसतो, त्याला हलायला मोकळीक ठेवलेली असते. चौकटीचे सांधे कूस आणि साल यांचे, म्हणजे एका तुकड्याचे टोक दुसऱ्याच्या खाचेत खोचलेले, आरपार लाकडी खुंटी मारलेले. दोन-तीन पिढ्या टिकलेल्या कपाटाचे रहस्य विचाराल तर निम्मे या मोकळ्या दिल्ह्यात आहे. हल्ली तोच दिल्हा कोणी गोंदाने चिकटवून टाकतो, मग दोन उन्हाळ्यांत तो मधोमध चिरतो आणि दोष लाकडाला दिला जातो.

फर्निचर म्हणण्याजोगे फर्निचर इथे आले ते छावणीबरोबर. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि शेजारी कॅम्प वसला. त्याआधी बसायला पाट आणि घोंगडी, फार तर मंचक आणि झोपाळा. साहेबाला मात्र टेबल, वेताच्या बैठकीची खुर्ची आणि लांब हातांची आरामखुर्ची हवी. बदली झाली की सामान लिलावात निघे, आणि ते पाहून वकील, मामलेदार, पेढीवाले तसेच करून मागू लागले. बेळगावला लागूनच असलेले शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. विणकर आणि सराफांच्या त्या पेठेत पैसा होता आणि लाकडी माडीची घरेही. कातीव पायांच्या खुर्च्या आणि आरसेदार कपाटे ही हौस अशी छावणीकडून पेठेत आली.

त्याच काळात लाकूड मात्र सरकारजमा होत गेले. मुंबई इलाख्यात वनसंरक्षकाचे पद १८४७ मध्ये आले, १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले ठरली. रेल्वे आली तेव्हा स्लीपरांना लाकूड लागले, आणि लोंढा हे त्या वाहतुकीचे नाके बनले. गावचा सुतार रानातून ओंडका आणायचा तो आता डेपोतून विकत घेऊ लागला.

खरा घाव बसला तो शेतीच्या बाजूने, आणि तोही बेळगावातूनच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापायची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत, त्यामुळे सुरुवातीला नांगर पडून राहिले. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात गेला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण नांगर खपू लागला होता. एका लाकडी नांगरामागे सुताराचे वर्षभराचे बलुते असे. लोखंडी नांगराला फाळ बदलला की झाले. नंतर रबरी टायरची गाडी आली, मग ट्रॅक्टर. किर्लोस्करांचा अभिमान आम्हा बेळगावकरांना आहेच, पण त्या कथेत सुतार कुठे गेला हे सहसा कोणी विचारत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, त्यातला चंदगड तालुका वगळून तो कोल्हापूरला जोडला. सीमाप्रश्नाच्या चर्चेत भाषेबद्दल बोलले जाते आणि ते रास्तच आहे. लाकडाबद्दल कोणी बोलत नाही. एकाच रानपट्ट्याच्या दोन तुकड्यांवर दोन वनखाती आली. चंदगडच्या पाहुण्याने परसातला फणस तोडून फळ्या पाठवायच्या म्हटले, तर तो दोन राज्यांच्या परवान्यांचा विषय झाला.

त्यानंतरचे दिवस प्लायवूडचे. शेजारच्या दांडेलीत प्लायवूडचा कारखाना होताच, १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आले, पाठोपाठ सनमायका. सरस उकळत बसायची गरज संपली, कूस-सालीचे कसब निकामी वाटू लागले, आणि सुताराची मुले शहरात ‘इंटिरियर’च्या ठेक्यांवर रोजंदारीने गेली. तिथे पैसे बरे मिळत, यात खोटे काही नाही.

मग आज घरच्या सुतारशाळांत लाकूड येते कुठून? बरेचसे पाडलेल्या घरांतून. १९७६ च्या कर्नाटक वृक्षसंरक्षण कायद्यामुळे खासगी झाड तोडायलाही परवानगी लागते. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलातले, केंद्राच्या मंजुरीविना चालणारे करवतखाने बंद झाले. शिसवी तर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. वाडे पाडून अपार्टमेंट होतात तेव्हा तुळया, खांब, चौकटी निघतात. हा जुना साग पुरता मुरलेला असतो, नव्याइतका हलत नाही. पण त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात आणि एक खिळा रंध्याचे पाते खातो. तुळईची रुंदी ठरलेली, म्हणून टेबलाचा माथा जोडफळ्यांचा करावा लागतो. आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: रंग किंवा वाळवीचे औषध प्यायलेल्या जुन्या लाकडाचा पोळपाट किंवा काटवट करू नये, कितीही सुंदर दिसला तरी. त्याला नवे, कोरे लाकूड आणि वरून नुसते खाण्याचे तेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यातल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळते. यातून छोटा राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचे यंत्र, किंवा रंधा मशीन येते. लाकडाची सोय तिच्यात नाही. ती अजून वाडे पाडणाऱ्या ठेकेदाराच्या फोनवर अवलंबून आहे.