जिल्हा, तालुका की गाव? बेळगाव सीमाभागाची पार्श्वभूमी

रट्ट, यादव, आदिलशाही, पेशवाई ही राजवटींची रांग बेळगावातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते, त्यामुळे ती पुन्हा लावत नाही. इंग्रजी अमदानीतलं एक नाव मात्र सांगायलाच हवं. पटवर्धनी संस्थानं आणि आसपासचा मुलूख, अगदी धारवाडसुद्धा, इंग्रजांच्या कागदांत 'सदर्न मराठा कंट्री' होता. हे नाव राज्यकर्त्यांवरून पडलं, रयतेच्या बोलीवरून नव्हे. ते पुढे करून भाषेचा हक्क सांगणारे आपल्याकडे अजून भेटतात. तो मुद्दा टिकत नाही, आणि आपल्याला त्याची गरजही नाही.

विसाव्या शतकात एकाच गावात दोन स्वप्नं वाढत होती. 1924 मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच सुमारास कर्नाटक एकीकरणाची परिषदही इथेच झाली. 1946 मध्ये याच शहरातल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला.

खरी मेख आहे 1956 च्या पुनर्रचना कायद्यात. त्यात एक छोटी ओळ आहे: बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) जाईल, 'चंदगड तालुका वगळून'. चंदगड मराठी म्हणून मुंबई राज्यात राहिला, आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे जिल्हा फोडता येतो, हे कायद्यानंच मान्य केलं होतं. मग शेजारचा खानापूर का नाही? बेळगाव शहर का नाही? पुनर्रचना आयोगाचा सूर असा होता, की जिल्ह्यातले बहुतेक तालुके कर्नाटकात जाणार असतील, तर मुख्य ठाणंही त्यांच्याबरोबर जावं. एका तालुक्याला भाषेचं माप लावलं आणि शहराला कारभाराच्या सोयीचं. पुढची सगळी भांडणं या दोन मापांतून निघाली.

महाराष्ट्राची मागणी तेव्हापासून एकच आहे: खेडं हा घटक धरा, भाषिक बहुमत पाहा, गावं सलग आहेत का ते बघा आणि लोकांची इच्छा विचारा. यादी 814 गावांची होती, पुढे 865 चा आकडा रूढ झाला. 1966 मध्ये नेमलेल्या एकसदस्यीय आयोगानं पुढच्या वर्षी अहवाल दिला. निपाणी, खानापूर धरून 264 गावं महाराष्ट्राला, 247 कर्नाटकाला, आणि बेळगाव जिथं आहे तिथंच, म्हणजे कर्नाटकात. शहराच्या तीन बाजूंना कन्नड गावं आहेत, हा त्याचा एक आधार. कर्नाटक या अहवालाला शेवटचा शब्द मानतं, महाराष्ट्रानं तो फेटाळला. गंमत म्हणजे 264 गावांचं देणंही त्यामुळे कागदावरच राहिलं. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

गेल्या चाळीस वर्षांत मात्र सीमारेषेपेक्षा कागदाची भाषा जास्त बोचू लागली. 1986 मध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला. 1956 च्या हुतात्म्यांना 17 जानेवारीला अभिवादन होतं, तसाच या हुतात्म्यांसाठी 1 जूनला शहराजवळच्या हिंडलग्याच्या स्मारकावर हार चढतो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा-वीस टक्के आहेत, तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं राज्यांना सुचवायचं केंद्रानं 1956 मध्येच ठरवलं होतं. मराठी सरकारी शाळा आहेत, हे नाकारून चालणार नाही. पण खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या हातातला जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो आणि तो वाचून घ्यायला त्याला कन्नड शिकलेल्या नातवाला हाक मारावी लागते. नातू वाचतो, मराठीत सांगतो, आजोबा मान डोलावतात.

2012 मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, उभं राहिलं. 1 नोव्हेंबर 2014 ला, म्हणजे 1956 मध्ये हा भाग म्हैसूर राज्यात गेला म्हणून इथले मराठी लोक काळा दिवस पाळतात त्याच तारखेला, शहराचं अधिकृत नाव 'बेळगावी' झालं. त्याच वर्षी जुलैत बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक हटवला होता. 2024 पासून दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड लागतं.

वेंगुर्ला रोडवर बाची संपलं की शिनोळी, चंदगड तालुका, महाराष्ट्र. तिथली माणसं बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावलाच येतात. इथली कुंदा ही मिठाई इथूनच नेतात, आणि गणपत गल्लीत कन्नड दुकानदाराशी 'किती झालं की?' असं मराठीत घासाघीस करतात. तो उत्तरही मराठीतच देतो.