‘व्हिपल’मागची गोष्ट

पिंपळगावच्या मामांना कावीळ झाली तेव्हा घरात आधी उसाचा रस आणि झाडपाला सुरू झाला. अंगाला खाज सुटलेली, पोट मात्र दुखत नव्हतं. नाशिकला कॉलेज रोडवरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पाकिटामागे पेनानं चित्र काढलं: जठरामागे, मणक्यांपुढे आडवं पडलेलं स्वादुपिंड. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं, आणि पित्तनलिका त्या डोक्याजवळूनच उतरणारी. तिथं गाठ झाली की नळी दबते, म्हणून ही न दुखणारी कावीळ. “व्हिपल करावं लागेल,” ते म्हणाले; म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं गाठीसकट काढण्याची शस्त्रक्रिया.

इतक्या आत दडलेल्या अवयवाचं काम कळायला शतकं लागली. 1642 मध्ये इटलीतल्या पादुआत विर्सुंगला त्यातली मुख्य नळी दिसली. तिच्यातला रस चरबी पचवतो, हे क्लोद बर्नार्डनं एकोणिसाव्या शतकात दाखवलं. 1869 मध्ये लांगरहान्सनं स्वादुपिंडात पेशींची बेटं, म्हणजे वेगळे पुंजके, पाहिली. 1889 मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. त्या बेटांतलं इन्सुलिन हाती आलं ते 1921 मध्ये, टोरांटोत.

शस्त्रक्रियेची वाट याहून खडतर. इटलीत कोदिविल्लानं 1898 मध्ये स्वादुपिंडाचं डोकं काढून पाहिलं; रुग्ण महिनाभरही जगला नाही. 1909 मध्ये बर्लिनच्या काउशनं ते दोन टप्प्यांत साधलं, आणि 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपलनं तशाच तीन शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली. दोन टप्पे का? काविळीत रक्त नीट गोठत नाही, म्हणून आधी पित्ताला वाट करून द्यायची आणि मग गाठ काढायची. रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के मिळाल्यावर, 1940 मध्ये, व्हिपलनं सगळं एका बैठकीत केलं.

खरी धास्ती टाक्यांची. उरलेलं मऊ स्वादुपिंड आतड्याला जोडणं म्हणजे लोण्यात टाका घालणं. टाका सुटला की पाचक रस आतल्या आत मांस जाळतो. एकेकाळी चारातला एक रुग्ण दगावायचा. ही शस्त्रक्रिया सतत करणाऱ्या केंद्रांत आता हे प्रमाण 5 टक्क्यांखाली आहे. म्हणूनच ‘मुंबईला न्यायचं का?’ यावर घरात वाद घालण्याआधी, सर्जनना ‘वर्षाला किती व्हिपल करता?’ हे बिनधास्त विचारावं. आम्ही तेच विचारलं.

मामा आता पहिल्या घासाबरोबर पाचक एन्झाइमची कॅप्सूल घेतात, आणि भाकरीवर तूप मागून घेतात.