जिन्यातल्या देवांच्या टाइल्स आणि नास्तिकाचा चांगुलपणा

आमच्या ऑफिसच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्यात. तुम्हीही पाहिल्या असतील कुठेतरी, गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का, गुरु नानक, सगळे एका ओळीत, कुणालाच वाईट वाटायला नको म्हणून. आता यात भक्तीबिक्ती काही नाही, पान-गुटख्याच्या पिचकाऱ्या थांबवायच्या एवढाच उद्देश. आणि थांबतात हो खरंच! फक्त झालंय असं की तिसऱ्या मजल्यापर्यंत येता येता टाइल्स संपल्या, त्यामुळे आता सगळा लाल रंग तिसऱ्या मजल्यावर.

"देव मानत नाही म्हणजे मग तू कशालाच भीत नसशील" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसून सोडून देतो. पण या शंकेवरही रीतसर अभ्यास झालाय, 2017 साली, 13 देशांत, त्यात भारतही होता, तीन हजारांवर लोक. त्यांना एक वर्णन दिलं, एक माणूस लहानपणी प्राण्यांचे हाल करायचा, मोठा झाल्यावर बेघर लोकांचे खून करायला लागला. मग विचारलं की हा शिक्षक असण्याची शक्यता जास्त, की शिक्षक आणि वर नास्तिक असण्याची? आता नीट विचार केला तर दुसरी शक्यता पहिलीपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण प्रत्येक नास्तिक शिक्षक हा आधी शिक्षक असतोच ना. तरी लोक फसतात. काही जणांना दुसऱ्या पर्यायात नास्तिकाऐवजी आस्तिक शिक्षक दिला होता, तर नास्तिकवाल्या प्रश्नात लोक साधारण दुप्पट फसले. म्हणजे खुनी म्हटलं की मनात आपोआप नास्तिक येतो. आणि गंमत म्हणजे स्वतः नास्तिक असलेले लोकही तसेच फसले.

बरं, टाइल्सकडे परत येऊ, कारण त्या नेमकं काय करतात हे बघण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल युनिव्हर्सिटीत एका डिपार्टमेंटमध्ये चहा-कॉफी आपण करून घ्यायची आणि पैसे डब्यात टाकायचे अशी सोय होती, बघायला कुणी नाही. 2006 साली छापून आलेल्या प्रयोगात तिथल्या रेटबोर्डावर एक आठवडा फुलांचं चित्र, एक आठवडा माणसाच्या डोळ्यांचं, असं आलटून पालटून दहा आठवडे लावलं, आणि दूध किती संपलं त्याच्या हिशोबात डब्यात किती पैसे आले ते मोजलं. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे आले! नुसते झेरॉक्सवरचे डोळे, देवाचे पण नाहीत.

हा प्रयोग इतका गाजला की पुढे ढीगभर लोकांनी तो वेगवेगळ्या प्रकारे करून बघितला, आणि सगळे आकडे एकत्र केल्यावर चित्र थोडं बदललं. डोळे लावल्याने माणूस जास्त उदार होतो याला फारसा आधार उरला नाही. पण चोरी, कचरा टाकणं असली वाईट कामं मात्र कमी होतात असं दिसलं. म्हणजे टाइल्स लावणाऱ्याचं गणित बरोबरच होतं म्हणायचं. त्याच न्यूकॅसलमध्ये सायकलचोऱ्या थांबवायला स्टँडवर रोखून बघणाऱ्या डोळ्यांची पोस्टर्स लावली, तिथल्या चोऱ्या 62 टक्क्यांनी घटल्या आणि जिथे पोस्टर नव्हतं तिथल्या 65 टक्क्यांनी वाढल्या. आमचा तिसरा मजला!

मग आकाशातल्या डोळ्यांचं काय? कॅनडात 2007 साली एक प्रयोग झाला होता. लोकांना दहा डॉलर दिले, हवे तेवढे ठेवा, उरलेले एका अनोळखी माणसाला द्या, तुम्ही कोण हे त्याला कधीच कळणार नाही. त्याआधी काहींना शब्दांचं कोडं सोडवायला दिलं ज्यात देव, पवित्र असले शब्द लपवले होते. साध्या कोड्यावाल्यांनी सरासरी 1.84 डॉलर दिले आणि देववाल्यांनी 4.22. झालं, देव जिंकला असं वाटतं ना? पण पुढच्याच फेरीत त्याच संशोधकांनी वेगळ्या लोकांवर एक तिसरं कोडंही वापरलं, त्यात पोलीस, ज्युरी, करार असे शब्द, आणि त्याचाही परिणाम जवळपास देवाच्या शब्दांएवढाच. (नंतर दुसऱ्या टीमने जास्त लोक घेऊन तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा देवाच्या शब्दांचा परिणाम दिसलाच नाही, हेही सांगायलाच हवं, नाहीतर आपण सोयीचं तेवढं उचललं असं होईल.)

आपल्याकडे शनिशिंगणापूर आहेच. घरांना दारं नाहीत, चोरी करणाऱ्यावर शनीचा कोप होतो ही श्रद्धा. 2011 मध्ये तिथे युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा केवढी बातमी झाली होती! पण त्या बँकेला काचेचं दार होतं आणि सहज नजरेत न येणारं, रिमोटवर चालणारं इलेक्ट्रोमॅग्नेटिक लॉकही होतं. श्रद्धा आपल्या जागी, रोकड आपल्या जागी.

म्हणजे देवाचं काम बरंचसं नजरेचं आहे, आणि नजर दुसऱ्या कुणाचीही चालते, शेजाऱ्यांची, सीसीटीव्हीची, "लोक काय म्हणतील"ची. पण मला खरा इंटरेस्ट आहे तो कुणी बघत नसताना काय होतं यात. कारण देव ही कल्पनाच ज्यांच्या डोक्यात नाही ते कसे वागतात? 2006 मधलाच एक प्रयोग आहे, दीड वर्षांची पोरं, समोर एक अनोळखी काका कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा पडतो आणि त्याचा हात पोचत नाही, बहुतेक पोरं दुडूदुडू जाऊन चिमटा उचलून देतात. खाऊ नाही, शाबासकी नाही. त्याच प्रयोगात चिंपांझींनीही पडलेली वस्तू उचलून दिली. आणि 1964 मध्ये अमेरिकेत ऱ्हीसस माकडांवर एक प्रयोग झाला होता, आज कुणी करू देणार नाही असा, साखळी ओढली की खायला मिळायचं पण शेजारच्या माकडाला शॉक बसायचा. बऱ्याच माकडांनी ती साखळी ओढणं टाळलं. एक माकड तर बारा दिवस उपाशी राहिलं. त्या माकडाला कुणी सांगितलं होतं की वर कोणी बघतोय?

चांगुलपणाचा कच्चा माल देवापेक्षा जुना आहे असं माझं मत. कळपात राहणाऱ्या प्राण्याला शेजाऱ्याचं दुखणं टोचलं नाही तर कळप टिकत नाही, इतकं साधं. धर्माने त्यावर इमारत बांधली, आणि ती काही फुकाची नाही, 2016 च्या एका अभ्यासात जगातल्या आठ समाजांमधले 591 लोक होते, त्यात दिसलं की आपला देव सगळं बघतो आणि शिक्षा करतो असं मानणारे लोक दूरच्या, कधी न पाहिलेल्या स्वधर्मीयांशीही जास्त सरळ वागतात. हे छोटं काम नाही. पण स्वधर्मीयांशी, हा शब्द विसरू नका.

आणि देवाशिवाय नीती ही आपल्याकडे काही फॉरेनची आयात नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. आंबेडकरांसोबत बौद्ध धम्म स्वीकारताना लाखो लोकांनी ज्या 22 प्रतिज्ञा घेतल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेश यांना देव मानणार नाही अशी आहे आणि त्याच यादीत पुढे चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही हेही आहे.

रोजच्या आयुष्यातलं मोजमाप हवं असेल तर 2014 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या 1252 लोकांना तीन दिवस मोबाइलवर दिवसातून अनेकदा विचारत राहिले, गेल्या तासाभरात काही चांगलं केलंत का, वाईट केलंत का? धार्मिक आणि न मानणारे यांच्यात फरक निघाला नाही. धार्मिकांना चांगलं केल्याचा अभिमान आणि वाईटाची टोचणी जरा जास्त, एवढंच.

मग फरक कशाने पडतो? प्रिन्स्टनमध्ये 1973 साली छापलेला एक प्रयोग माझा फार आवडता आहे. पाद्री व्हायला शिकणारे विद्यार्थी, त्यांना दुसऱ्या बिल्डिंगमध्ये जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं, निम्म्यांचा विषय बायबलमधली ती गोष्ट ज्यात रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला एक परका माणूस मदत करतो. वाटेत एका दारापाशी एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. भरपूर वेळ आहे असं सांगितलेल्यांपैकी 63 टक्के थांबले, वेळेवरच पोचाल म्हटलेल्यांपैकी 45 टक्के, आणि उशीर झालाय पळा म्हटलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय काय होता याने म्हणावा असा फरक पडला नाही. काही जण तर त्याच गोष्टीवर बोलायला जाताना त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.