मिनिटाला पन्नास थेंब

पलूस एमआयडीसीत नव्यानं लागलेल्या पोराला पंपाखाली पाण्याचं थारोळं दिसलं, की तो पान्हा घेऊन ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीची दोरी दाबून धरणारं झाकण, आवळायला धावतो. जुना मिस्त्री त्याला अडवतो: "आवळू नगंस रं, जळंल. ठिबकू दे जरा." दोघंही एकाच थेंबाकडे बघत असतात, पण पोराला शिकवलेलं असतं की गळती म्हणजे बिघाड आणि मिस्त्री शिकलेला असतो की थेंब बंद झाला तर बिघाड. सांगली-सातारा पट्ट्यात या दोन समजुती शेजारी-शेजारी कशा नांदू लागल्या, त्याची ही पार्श्वभूमी.

मोटेच्या काळात हा वाद निघायचं कारणच नव्हतं. साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आहे. विरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. नावात बारा मोटा असल्या तरी जागा पंधरा मोटांची. मोट चामड्याची, शिवलेली. ऊन लागलं की ती तडकायची, म्हणून तिला तेल पाजायचं, भिजत ठेवायचं. तरीही शिवणीतून धार लागायचीच. पण गळलेलं पाणी परत विहिरीतच पडायचं. जात होती ती बैलांची मेहनत, आणि तिचा हिशेब कुणी थेंबात मांडला नाही.

हिशेब सुरू झाला तो फिरत्या पंपानं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या मदतीनं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना हलवला. तीच आजची किर्लोस्करवाडी. नांगर आणि चरकानंतर १९२६ मध्ये तिथून सेंट्रिफ्यूगल पंप बाहेर पडला आणि कृष्णाकाठी इंजिनं धडधडू लागली. या पंपाची अडचण मुळातच होती. आतला पंखा फिरवायचा तर दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेरून आत न्यावा लागतो. शाफ्ट न्यायचा तर ओतीव घराला, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाला, भोक पाडावं लागतं. शाफ्ट फिरणार, भोक जागेवर राहणार आणि मधल्या फटीतून दाबाखालचं पाणी वाट काढणार.

यावरचा उपाय पंपाबरोबरच आला, पण तो पंपापेक्षा जुना होता. वाफेच्या इंजिनांत दांड्याभोवती चरबीत भिजवलेला ताग ठासत. आपल्याकडे आली ती ग्लँड दोरी: चौकोनी विणीची, ग्राफाइट आणि ग्रीस चोपडलेली, हात काळे करणारी. ती भरणं हे खरं कसब. शाफ्टभोवती गुंडाळून मापानं एकेक कडं कापायचं, तेही तिरकं, म्हणजे टोकं एकमेकांवर बसतात. एका कड्याचा सांधा वर आला तर पुढच्याचा बाजूला, त्यापुढचा खाली. सगळे सांधे एका रेषेत आले तर पाण्याला सरळ बोळच मिळाला. मग दोन्ही नट सारखे, थोडे-थोडे आवळायचे. एक जास्त आवळला तर ग्लँड तिरका बसतो आणि शाफ्टला घासतो.

एवढं करूनही थोडं ठिबकू द्यावंच लागतं, कारण दोरी आणि शाफ्ट यांच्यामध्ये वंगण म्हणून असतं तेच पाणी. मिनिटाला चाळीस ते साठ थेंब हा फिटरांचा जुना ठोकताळा. थेंब थांबला की दोरी कोरडी पडते, तापते, जळका वास येतो आणि स्लीव्हवर, म्हणजे शाफ्टवर चढवलेल्या नळकांड्यावर, खाचा पडतात. मग नव्या दोरीनंही गळती थांबत नाही. मिस्त्री पोराला का अडवतो ते यात आलं.

शेतकऱ्याची डोकेदुखी मात्र वेगळीच, फूट व्हॉल्व्हची. गावाकडे त्याला सर्रास "फुटबॉल" म्हणतात. नदीत बुडालेल्या पाइपाच्या टोकाची ही झडप नीट बसली नाही, तर रात्रभरात पाइपातलं पाणी उतरतं आणि सकाळी पंप हवा ओढत राहतो. त्यावरचा घरगुती इलाज म्हणजे शेणाचा काला. तो वरून ओतला की झडपेच्या फटीत जाऊन बसतो आणि पंप पाणी धरेपर्यंत टिकतो. कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसेल, पण जॅकवेलवर, म्हणजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीवर, बादली ठेवलेली असायची.

घरातल्या नळाची गोष्ट थोडक्यात. बिडाच्या पाइपांच्या तोंडात काथ्या ठोकून वर वितळलेलं शिसं ओतत. इंग्रजी "प्लंबर" हा शब्द लॅटिनमधल्या शिशाच्या नावावरूनच आला आहे. पुढे जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, पाइपाच्या आट्यांवर सूत आणि सफेदा आला, आणि त्यानंतर पांढरी टेफ्लॉन टेप. टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या अमेरिकी रसायनज्ञाला अपघातानं सापडलं: सिलिंडर भरलेला होता, पण वायू बाहेर येईना, म्हणून कापून पाहिला तर आत पांढरी गुळगुळीत भुकटी. आज किराणा दुकानातही दहा-वीस रुपयांत मिळणारी टेप तिथून निघाली.

कारखान्यांत दोरीची सद्दी खऱ्या अर्थानं संपवली ती मेकॅनिकल सीलनं. दोन आरशासारख्या घासलेल्या चकत्या, एक बहुधा कार्बनची, दुसरी सिरॅमिकची किंवा त्याहून कठीण. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर, आणि स्प्रिंग त्यांना चिकटवून धरते. गंमत म्हणजे सीलही गळतंच. दोन चकत्यांमध्ये द्रवाचा अतिशय पातळ थर असतो, पण पलीकडे येतो तो इतका कमी की बहुतेक वेळा वाफ होऊन जातो. डोळ्याला कोरडं दिसतं.

साखर कारखान्यात सीलचीही परीक्षा होते. चकत्यांमध्ये गेलेला रस सुकला की साखरेचे खडे होतात आणि ते चकतीला ओरखडतात, म्हणून बाहेरून पाणी देऊन ती धूत राहावं लागतं. त्याहून जास्त धास्ती न दिसणाऱ्या गळतीची असते. उकळणाऱ्या पात्राची एखादी नळी फुटून रस कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यात, गेला आणि तेच पाणी बॉयलरला गेलं, तर बॉयलर फेसाळतो, आतून आम्ल तयार होऊन नळ्या खातो. म्हणून प्रयोगशाळेतला पोरगा पाळीत पुन्हा-पुन्हा परीक्षानळी भरतो. पाण्यात अल्फा नॅप्थॉलचे थेंब टाकून कडेनं हळूच गंधकाम्ल सोडायचं. मध्ये जांभळं वलय उमटलं की साखर आली. मग फोन, आणि ते पाणी बॉयलरकडून वळवायची धावपळ.

गळती कायद्याच्या भाषेत आली ती मात्र कारखान्याच्या भिंतीबाहेर. महाराष्ट्रानं जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये केला, १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं, केंद्राचा कायदा १९७४ चा. मळी आणि स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, सांडून नदीत गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येतात, हे कृष्णाकाठी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये टाकीत पाणी शिरलं आणि विषारी वायू शहरात पसरला, त्यानंतर सूर बदलला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवरचं प्रकरण आणि १९८९ चे घातक रसायनांचे नियम ही त्याची देन. तोवर "गळतंय" ही फिटरची तक्रार होती, आता ती रजिस्टरात चढते.

एवढं होऊनही कृष्णाकाठच्या पंपांवरून दोरी गेलेली नाही, आणि ते अज्ञानामुळे नाही. चकतीला तडा गेला तर सील आख्खं बदलावं लागतं, पंप खोलून, दिवसाउजेडी. शेतीपंपाला लाइट कित्येकदा मध्यरात्रीनंतर येते. धार वाढली तर बॅटरीच्या उजेडात नट अर्धा फेरा आवळता येतो, फार तापलं तर सैल करता येतो आणि पहाटेपर्यंत ऊस भिजतो. द्राक्षबागेत मात्र त्याच पंपाचं पाणी पुढं ठिबकवरच जातं. तिथे थेंब मोजून सोडायला अनुदान मिळतं.