शारीरिक लयींचे कालश्रेणी विश्लेषण

हृदयाचे ठोके, श्वास, रक्तदाब, मेंदूतील विद्युत लहरी, शरीराचे तापमान अशा सतत वरखाली होणाऱ्या राशी वेळेच्या क्रमाने नोंदवून त्यांतील लय शोधण्याची पद्धत. या लयींचा पल्ला फार मोठा आहे. मेंदूतील अल्फा लहरी सेकंदाला ८ ते १३ वेळा येतात, विश्रांतीत प्रौढाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० पडतात, तर तापमानाचा चढउतार दिवसातून एकदाच पुरा होतो. यांपैकी कोणतीही लय काटेकोर नसते. ती लांबते, आखडते, मध्येच तुटते, आणि या विषयाची सगळी गोडी व सगळी अडचण तिथेच आहे.

श्वासाबरोबर नाडीचा वेग बदलतो, हे कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये आलेखावर दाखवले. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा विद्युत आलेख घेतला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. गणित त्याआधीपासून तयार होते, पण आकडेमोड आवाक्याबाहेरची होती. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी जलद फूरिए रूपांतराची, म्हणजे नोंदीतील वेगवेगळ्या वेगांच्या लयी झटपट सुट्या करण्याची रीत मांडली आणि संगणकावर हे काम सोपे झाले.

शिकणाऱ्याची पहिली फसगत नोंदीच्या वेगात होते. मिनिटाला ७२ ठोक्यांची नाडी म्हणजे १.२ हर्ट्झ, सेकंदाला १.२ ठोके. ती सेकंदाला एकदाच मोजली, तर वर्णपटात, म्हणजे कोणत्या वेगाची लय किती जोरदार आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, ०.२ हर्ट्झवर शिखर उभे राहते, म्हणजे मिनिटाला १२. हा आकडा श्वासाचा म्हणून सहज खपून जातो. मोजायच्या राशीत असलेल्या सर्वांत वेगवान लयीच्या दुपटीहून अधिक वेगाने नोंद घ्यावी, हा नियम अशा उदाहरणाने कायमचा लक्षात राहतो. दुसरी फसगत शिखरांच्या मोजणीत होते. ईसीजीचा, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखाचा, आकार टोकदार असल्याने १.२ हर्ट्झबरोबर २.४ आणि ३.६ वरही शिखरे दिसतात. त्या वेगळ्या लयी नव्हेत, एकाच ठोक्याचे गुणज आहेत. ५० हर्ट्झवरची रेघ तर घरातल्या विजेची असते.

हृदयगतीतील चढउतार पाहताना दोन ठोक्यांमधील अंतरांची श्रेणी करतात. ती समान वेळांवर नसते, म्हणून आधी समान अंतरावर आणावी लागते किंवा असमान वेळांवरही चालणारी लोंब-स्कार्गल पद्धत वापरावी लागते. अंतरे ८१०, ७९५, ८२० मिलिसेकंद अशी चालली असताना मध्येच १६१० आले, तर बहुधा संगणकाने एक ठोका गाळला आहे. असा एकच आकडा वर्णपटभर खोटी शक्ती, म्हणजे लयींचा खोटा जोर, पसरवतो. म्हणून रूपांतर करण्याआधी मूळ आलेख डोळ्यांखालून घालावा. यात वेळ वाचवू नये.

१९९६ च्या युरोपीय-अमेरिकी मानकांनी अल्पकालीन नोंद ५ मिनिटांची ठरवली आणि ०.०४ ते ०.१५ हर्ट्झला मंद, ०.१५ ते ०.४० हर्ट्झला जलद पट्टा म्हटले. श्वासाचा परिणाम एरवी जलद पट्ट्यात दिसतो, कारण मिनिटाला १५ श्वास म्हणजे ०.२५ हर्ट्झ. पण दीर्घ श्वसनात श्वास मिनिटाला ६ वर आले, तर तीच लय ०.१ हर्ट्झवर, म्हणजे मंद पट्ट्यात जाते. मंद व जलद शक्तीचे गुणोत्तर एकदम वाढते, आणि शांत बसलेल्या माणसाला तणावग्रस्त ठरवले जाते. हे गुणोत्तर तणावाचे माप म्हणून सरसकट वापरणे चुकीचे आहे. प्राणायामाचा अभ्यास करणाऱ्याने छातीला श्वासपट्टा बांधून श्वासही सोबत नोंदवलाच पाहिजे.

या प्रश्नाशी बडोद्याचे नाते जुने आहे. जवळच्या डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात व्यायामगुरू माणिकरावांकडे शिकले. उड्डियान (पोट आत ओढणे) व नौली (पोटाचे स्नायू फिरवणे) या योगक्रियांचा शरीरावरील परिणाम त्यांनी १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात तपासला. लोणावळ्याचे कैवल्यधाम त्यानंतरचे, १९२४ चे. योगक्रियांना मोजपट्टी लावण्याची ही उमेद आजच्या विद्यार्थ्यालाही पुरेशी प्रेरणा देणारी आहे. याच शहरात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन उभे राहिले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा त्यातूनच वाढली, आणि वैद्यकीय शाखाही त्याच विद्यापीठात आहे. हा विषय नेमका या दोन शाखांच्या मधोमध पडतो. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरातून येणाऱ्या विद्यार्थ्याने एका शाखेत प्रवेश घेतला, तरी दुसरीतल्या जाणकाराशी बसून बोलल्याखेरीज तो पुरता हाती येत नाही.

सरावासाठी एमआयटी-बीआयएच हा ४८ ईसीजी नोंदींचा संग्रह इंटरनेटवर मोफत आहे. प्रत्येक नोंद सुमारे अर्ध्या तासाची, सेकंदाला ३६० नमुन्यांची, आणि प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांची खूण असलेली. आपण शोधलेले ठोके त्या खुणांशी एकेक करून ताडता येतात. पुढे सामान्य ठोक्यांच्या अंतरांचा वर्णपट काढावा, मग तीच अंतरे उलटसुलट क्रमाने मिसळून पुन्हा काढावा. आकडे तेच, सरासरी तीच, फक्त क्रम गेलेला. पहिल्या वर्णपटात दिसलेले श्वासाचे शिखर दुसऱ्यातही तसेच उरले, तर ते लयीतून आलेले नव्हते.