जोडकामाचे कोरीव ओक फर्निचर

जुन्या कोरीव ओक लाकडाचे सुटे भाग जुळवून नंतरच्या काळात उभे केलेले कपाट, पेटारा, पलंग किंवा खुर्ची. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये याला मोठी मागणी होती. कोरीवकाम बहुधा सोळाव्या-सतराव्या शतकातले, वस्तू मात्र एकोणिसाव्या शतकातली.

१७८९ नंतर फ्रान्समध्ये आणि पुढे फ्रेंच अमलाखालच्या बेल्जियममध्ये चर्च व मठांची मालमत्ता सरकारजमा होऊन विकली गेली. गायकवृंदाची आसने, प्रवचनपीठांचे कठडे, वेदीमागच्या फळ्या अशा रीतीने बाजारात आल्या. नेपोलियनची युद्धे संपल्यावर हा माल लंडनला येऊ लागला आणि सोहोतला वॉर्डर स्ट्रीट त्याची पेठ बनला. तिथल्या एडवर्ड हल या व्यापाऱ्याकडून चार्ल्स स्कॅरिसब्रिक यांनी लँकेशरमधल्या आपल्या हवेलीसाठी कोरीवकाम घेतले. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या स्कॉटलंडमधल्या ॲबट्सफर्ड या घराच्या प्रवेशदालनातही जुन्या चर्चचे ओक आहे. पुढे बनावट जुन्या मालामुळे या पेठेचे नाव इतके बदनाम झाले की १८८८ मध्ये ओढूनताणून जुनाट केलेल्या भाषेला 'वॉर्डर स्ट्रीट इंग्लिश' म्हटले गेले.

असे कपाट ओळखायचे तर आधी ते भिंतीपासून सरकवावे. समोरून सगळे काळेभोर आणि मेणाने चकचकीत दिसते. मागे पाहिले की एक फळी हाताने चिरलेली, कडेला पातळ होत गेलेली. शेजारच्या फळीवर नंतरच्या काळातल्या यंत्राच्या गोल करवतीचे कमानदार ओरखडे. नक्षीतली वेल चौकटीपाशी अर्ध्या पानावर तुटते. कुलूप नसलेल्या जागी किल्लीचे भोक, खुंटी नसलेल्या जागी बुजवलेले छिद्र. जुने लाकूड आडवे आकसते, म्हणून मूळच्या गोल खुंट्या किंचित लांबट झालेल्या असतात. नव्या लाकडाला अमोनियाची धुरी देऊन काळे केले, तरी हा आकार सहज साधत नाही. कोरलेल्या वर्षावर तर मुळीच विसंबू नये. ते मागाहून घालणे सर्वांत सोपे.

दोन जुन्या वस्तूंचे वरचे आणि खालचे भाग जोडले असतील, तर व्यापारी त्याला 'मॅरेज' म्हणतात. सगळ्याच जोडकामाला बनावट म्हणणे मात्र अन्यायाचे. पुष्कळ गिऱ्हाइकांनी ते जाणूनबुजून करवून घेतले, आणि पाडलेल्या चर्चमधले कितीतरी कोरीवकाम त्यामुळेच जळणात गेले नाही. फसवणूक होते ती अख्खी वस्तू जुनी म्हणून विकली जाते तेव्हा. झाडाच्या वर्तुळांवरून काढलेले वयही फक्त त्या फळीचे असते, कपाटाचे नव्हे. म्हणून चौकट, पॅनेल, पाय, बिजागऱ्या यांची तपासणी एकेक करून स्वतंत्रपणे करावी लागते.